क्लच देणार नाही

माझी गाडी वीस वर्षांची आहे, लाल आहे आणि टर्बो आहे. टेंभुर्णीच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की तिसऱ्या गिअरमध्ये ती अशी उसळते, की शेजारी बसलेला माणूस राजकारणावर बोलायचा थांबतो. या एका गुणासाठी मी तिचं बाकीचं सगळं सोसते. कंपनीनं तिचे सुटे भाग बनवणं कधीच सोडलं. चिंचोळी एमआयडीसीजवळच्या माझ्या मिस्त्रींनी पुण्यात भंगारात निघालेल्या तसल्याच गाडीचा क्लच मिळवला आणि बसवताना सांगितलं, "मॅडम, ह्यो गेला की गाडीत तुळस लावा."

कॉलेजातून निवृत्त झालेल्या बाईनं अशी गाडी ठेवू नये, असं सोलापुरातल्या आमच्या सगळ्या नातेवाइकांचं मत आहे. तिनं काय ठेवावं याबद्दल मात्र एकमत नाही. धाकट्या भावाच्या लेखी ती भंगारच. पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि भंगाराला एकदम भाव आला.

"अक्का, परण्याला तुझी गाडी. लाल रंग फोटोत लई उठतो."

परण्या म्हणजे नवरदेवाला मारुतीच्या देवळापासून मंडपापर्यंत वाजतगाजत आणायचं. लग्न मोहोळला, मुलीच्या गावी. पुढे नाचणारे, मग बँड, आणि मागे गाडी, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. म्हणजे तासभर अर्धा क्लच दाबून. तो त्यात जळाला असता, आणि दुसरा कुठंच नव्हता.

"नाही," मी म्हणाले.

"लग्न रोज होतं का?"

"क्लचही रोज मिळत नाही."

"आत्याचा मान पाहिजे ना तुला? मग जरा मानानं वाग की."

"मान साडीत गुंडाळून दे. क्लच देणार नाही."

त्यानं फोन ठेवला आणि भाड्यानं उघड्या टपाची पांढरी गाडी ठरवली. दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोन. "आत्या, त्या गाडीत उभं राहून हात हलवायचा म्हणे. मी काय निवडून आलोय का? मी तुझ्याच गाडीत बसणार, नाहीतर चालत जाणार."

आता गाडी नेणं भाग होतं. क्लच जाळणं भाग नव्हतं.

लग्नाच्या दिवशी भाच्याला शेजारी बसवून मी गाडी देवळासमोर आणली. दर्शन झालं, बँड सुरू झाला. मी गाडी न्यूट्रलला टाकली, इंजिन बंद केलं, स्टिअरिंग लॉक होऊ नये म्हणून किल्ली तेवढी फिरवून ठेवली आणि काच खाली केली.

"ढकला."

जुनी गाडी बाळगणारा माणूस जगात एवढ्या एका दृश्याला भितो. भर रस्त्यात आपण आत आणि लोक मागून ढकलतायत. भाऊ धावत खिडकीशी आला.

"अक्का, लोक म्हणतील बंद पडली!"

"म्हणू देत. पायी चालायच्या वेगानं न्यायचीय ना? मग पायी चालणारेच नेतील."

"इज्जतीचा प्रश्न हाय!"

"मग ती गाडीच्या मागं लाव. दोन्ही हातांनी."

भाचा हसून हसून बाशिंग सावरत होता. त्याच्या मित्रांनी जोर लावला आणि गाडी हलली. इंजिन बंद, म्हणून स्टिअरिंग दगडासारखं जड. माझे दंड भरून आले. कडेच्या पानपट्टीवरून कुणीतरी ओरडलं, "बंद पडली की हो म्हातारी!" कुणाला म्हणाला ते मी विचारलं नाही. चौकातल्या चढावर मित्रांचा दम गेला. आरशात पाहिलं तर फेटा बगलेत धरून, दात ओठ खात, भाऊ डिकीला खांदा देत होता.

मंडपाच्या दारात हँडब्रेक ओढला. भाऊ घाम पुसत पुढं आला. मुलीकडची मंडळी स्वागताला उभी होती.

"आता तरी एकदा चालू करून दाखव," तो हळूच म्हणाला. "सगळे बघतायत, अक्का. एकदाच."

"नाही," मी म्हणाले, किल्ली पर्समध्ये टाकली आणि नवरदेवाबरोबर आत गेले.