मान खाली ठेवा

जळगावात माझा पिलाटीसचा, म्हणजे चटईवर करायच्या व्यायामाचा, वर्ग आहे. दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, बारा चटया, आणि येणाऱ्या बहुतेक बायका पन्नाशीच्या पुढच्या. हे शिक्षण मी पुण्यात घेतलं. आमच्या बाई फार कडक. व्यायाम ज्याने घडवला त्याने लावलेला क्रम, तसेच सरळ पाय, तसाच श्वास. गुडघे वाकवून, मानेखाली उशी घेऊन केलेल्या नव्या प्रकारांना त्या ‘आजाऱ्यांचं पिलाटीस’ म्हणत. मीही तेच म्हणू लागले.

माझी मोठी बहीण, अक्का, पारोळ्याला राहायची. मेहुणे गेल्यावर एका हिवाळ्यात ती माझ्याकडे राहायला आली. वय एकसष्ट. दिवसभर एकटी बसून काय करणार, म्हणून मी तिला वर्गात घेऊन जाऊ लागले.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, “पाठ जरा दुखस वं.”

“सवय नाही म्हणून दुखते. होईल बरी,” मी म्हणाले.

खरं तर तिची उंची कमी झालेली मला दिसत होती. नऊवारी आता जमिनीवर लोळायची. हाडं तपासून घे, असं मी दुसऱ्या कुठल्याही बाईला सांगितलं असतं. तिला नाही सांगितलं. ती माझी बहीण होती, आणि तिला सगळं मूळ पद्धतीने करताना बघून मला अभिमान वाटायचा.

त्या सकाळी आम्ही उताणं झोपून, पाय सरळ ठेवून, एकेक मणका उचलत वर उठत होतो. कपाळ गुडघ्यांकडे न्यायचं. अक्का अर्ध्यात थांबली. शेजारची बाई गुडघे वाकवून उठत होती. मी तिला टोकलं आणि अक्काला म्हणाले, “तू वाकवू नकोस. अजून थोडं पुढे.” आणि तिच्या पाठीवर हात ठेवून हलकेच दाबलं.

ती ओरडली नाही. तिने फक्त श्वास आत ओढला आणि तो सोडलाच नाही. चेहरा पांढरा पडला.

एक्स-रेमध्ये पाठीचा एक मणका दबलेला निघाला. डॉक्टर म्हणाले, हाडं पोकळ झाली आहेत, अशा माणसाने जोर लावून पुढे वाकायचंच नसतं. कशाने झालं, असं त्यांनी विचारलं. मी तोंड उघडण्याआधी अक्का म्हणाली, “मी मोरीमा पडनू.”

बाहेर आल्यावर मी म्हणाले, “अक्का, खोटं का बोललीस?”

“गप ऱ्हाय. तुनाकडे बाया येतीस. बठ्ठासले मी तेच सांगसू.”

सगळ्यांना तिने तेच सांगितलं आणि मी गप्प राहिले. ते सोपं होतं.

पुढे तिच्या मुलाने, माझ्या भाच्याने, तिला धुळ्याला एका फिजिओथेरपिस्टकडे नेलं. मीही सोबत गेले. त्या तरुण मुलीने तिला उताणं झोपवलं, गुडघे वाकवून पाय टेकवले, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल दिला. “मान खाली ठेवा आजी. फक्त हात हलवा, श्वास मोजा.” मी ओळखलं. शंभर मोजायचा तोच व्यायाम होता, जो मी अक्काकडून पाय हवेत आणि मान वर उचलून करून घेतला होता. नंतर तिने अक्काला पालथं झोपवून छाती जेमतेम चार बोटं उचलायला लावली. सरळ होण्याकडे नेणारा व्यायाम. वाकण्याचं नावच नाही. अक्का पहिल्यांदा न कण्हता करत होती. मी भिंतीला टेकून उभी होते आणि मला तिथून निघून जावंसं वाटत होतं.

पण उशीर झाला होता. वर्षभरात आणखी दोन मणके दबले. ती इतकी वाकली की बोलताना माझ्या पायांकडे बघायची. मग दबलेल्या छातीत श्वास पुरेना, कफ साठू लागला, आणि पावसाळा संपता संपता ती गेली.

महिनाभर मी खोली उघडली नाही. उघडली त्या दिवशी सगळ्या बायकांना चटयांवर बसवून खरं काय झालं ते सांगितलं. माझा हात कुठे होता तेही. दोघी उठून गेल्या, त्या परत आल्या नाहीत.

शेवटी एकीने विचारलं, “मग ताई, आता आम्ही काय करायचं?”

मी आधी त्यांना हाडांची तपासणी करून या म्हणून सांगितलं.

भाच्याला मी अजून सांगितलेलं नाही. तो भेटला की वाकून पाया पडतो.