साडेआठला जिना उतरणारी मुलगी

विद्यापीठातली पोरं मला नवीन नाहीत. शेफील्डच्या टेकडीवर सेंट ऑस्विन चर्चच्या मनोऱ्यात मी तीस-पस्तीस वर्षं घंटा वाजवते आहे, आणि विद्यार्थ्यांचं घंटावादक मंडळ सरावाला आमच्याच मनोऱ्यात येतं. दर ऑक्टोबरला नवी पोरं धापा टाकत जिना चढून वर येतात, मी केलेलं पार्किन, म्हणजे आमच्याकडचा आल्याचा केक, खातात, ‘कसलं भारी आहे हे!’ म्हणतात, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत निम्मी गायब होतात. सांगून कुणी जात नाही. एखाद्या बुधवारी एक दोर नुसता लटकत राहतो, तेव्हा समजायचं की पाखरू उडालं. पूर्वी मी चिडायची. हल्ली मी त्यांची नावंच उशिरा पाठ करते.

टॅमसिन हॉकिंगचं नाव मात्र पहिल्याच दिवशी पाठ झालं, कारण ती आली तीच भांडत.

“ह्याला केक म्हणता तुम्ही?” पार्किनचा तुकडा हातात धरून तिनं विचारलं. “आमच्या कॉर्नवॉलमध्ये केकात केशर घालतात. हे म्हणजे आल्याचा काढा थापून वाळवलाय.”

“मग तिसरा तुकडा कशाला घेतेस?”

“खात्री करून घेतेय.”

ती न्यूलिनची. तिची आई तिथल्या बंदरावर मासे कापते. घरातून विद्यापीठात आलेली ही पहिलीच, आणि विषय घेतला होता रसायनशास्त्र. माशांचे क्रेट उचलून हात चांगले तयार झालेले, त्यामुळे दोर तिला पटकन साधला. आमच्या घंटा चाकावर बसवलेल्या असतात आणि पूर्ण गिरकी घेतात. जोर लावून काही होत नाही, नेमक्या क्षणी ओढावं लागतं. ते कळायला लोकांना महिने लागतात. टॅमसिनला तीन आठवड्यांत कळलं. मी तोंडावर कौतुक केलं नाही, पण घरी जाऊन मांजरीला सांगितलं.

भानगड अशी होती की बाईसाहेबांना सगळंच हवं होतं. सुरुवातीच्या आठवड्यात मैदानावर सगळी विद्यार्थी मंडळं टेबलं मांडून बसतात, फुकट पेनं आणि गोळ्या वाटतात, आणि नवी पोरं भारावल्यासारखी नावं देत सुटतात. टॅमसिननं अकरा ठिकाणी नाव दिलं होतं. नौका, नाटक, वादविवाद, गायन, डोंगर, आणखी काय काय. बाकीची पोरं नाव देतात आणि विसरतात. ही नाव दिलं म्हणून खरंच सगळीकडे जायची!

नोव्हेंबरमध्ये एका बुधवारी मी वर आले तर ही बाकावर अंगाची जुडी करून झोपलेली. अंगात ओला कोट तसाच.

“जेवलीस का?” मी उठवून विचारलं.

“आठवत नाही.”

“अगं, जेवण ही काय विसरायची गोष्ट आहे? आज केलंस काय दिवसभर?”

तिनं सांगायला सुरुवात केली. उजाडायच्या आत नदीवर नौका, मग तास, मग नाटकाचं नेपथ्य रंगवलं, मग गायनाची तालीम, मग इथे. सांगता सांगताच तिला जांभई आली.

“आणि रसायनशास्त्र?”

ती खाली बघत म्हणाली, “चाचणीत नापास झाले, विनी. डिसेंबरात एकदा परत देता येते. तेव्हाही गेले तर पुढच्या सत्रात बसू देणार नाहीत. घरी जावं लागेल.”

“आईला सांगितलंस?”

“आईनं अख्ख्या बंदराला सांगून ठेवलंय, माझी पोर शास्त्रज्ञ होणार म्हणून. मी फोन केला की मासे घ्यायला आलेलं गिऱ्हाईकसुद्धा मागून मला ‘काय शास्त्रज्ञबाई’ म्हणतं. त्यांना काय सांगू, नेपथ्य छान रंगवलं म्हणून?”

मी तिला माझा डबा दिला. दुसरं काय देणार! अशी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. पुढचं मला ठाऊक होतं: आता ही दार लावून घेणार, कुणाचा फोन घेणार नाही, आणि दोर लटकत राहणार.

पण टॅमसिननं तसं केलं नाही. तिनं जे केलं ते या मनोऱ्यात मी कधी ऐकलं नव्हतं. ती त्या आठवड्यात एकेका मंडळात स्वतः गेली, समोर उभी राहिली आणि म्हणाली, “मी उद्यापासून येणार नाही. अभ्यासात मागे पडलेय. तुम्ही माझी वाट बघू नये म्हणून सांगायला आले.” नौकेच्या कप्तानानं तिला चारचौघांत सुनावलं की तू आम्हाला तोंडघशी पाडलंस. तिनं ऐकून घेतलं. गायनाची मुख्य मुलगी रडायला लागली, तर हीच तिची समजूत काढत बसली. एका मंडळात तिला कुणी ओळखलंच नाही, तरी तिनं रीतसर निरोप घेतला. अठरा वर्षांच्या पोरीला हे धैर्य कुठून आलं कोण जाणे. निवृत्त होईपर्यंत मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं, पण नको असलेल्या कामाला तोंडावर ‘नाही’ म्हणायला मला कधी जमलं नाही.

शेवटी ती माझ्याकडे आली. मी आधीच मनातून घुश्शात होते. म्हटलं, चला, आपला नंबर लागला.

“घंटा मी सोडणार नाही,” ती म्हणाली. “पण बुधवार आणि रविवार सकाळ, एवढंच. आणि बुधवारी साडेआठला मी निघणार. पबमध्ये येणार नाही.”

आता आमच्याकडे सराव संपला की सगळ्यांनी समोरच्या पबमध्ये जायचं, हा रिवाज माझ्या जन्माआधीपासूनचा आहे. तिथे न येणारा माणूस आमच्यातला नव्हेच, असं आम्ही मानतो. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

“ही काय दातांच्या डॉक्टरची वेळ आहे? साडेआठ म्हणजे साडेआठ! एका तासानं काय बिघडतं गं?”

“हेच मला सगळ्यांनी विचारलं, विनी,” ती शांतपणे म्हणाली. “अकरा ठिकाणी. प्रत्येकाला एकच तास हवा होता.”

“बरं, बरं, दोर धर,” म्हटलं.

घंटावादक मंडळाचा अध्यक्ष होता रुफस, शेवटच्या वर्षाचा. उमदा मुलगा, सगळ्यांच्या मदतीला धावणारा. मेजवानी याची, सहल याची, वर्गणी यानंच गोळा करायची. स्वतःच्या प्रबंधाचं पान मात्र अजून उघडलं नव्हतं. त्याच्या डोक्यात आता एकच होतं: पाऊणतासी.

म्हणजे असं. सहा माणसं, सहा घंटा. प्रत्येक घंटा एकदा वाजायची, की लगेच क्रम बदलायचा, आणि तो बदलतच ठेवायचा. सगळं तोंडपाठ, हातात कागद नाही. पाऊण तास न थांबता, न चुकता असं वाजवलं की ती पाऊणतासी. दर नाताळाच्या सुट्टीआधी मंडळातल्या निदान एका नवख्यानं आपली पहिली पाऊणतासी वाजवायची, असा परिपाठ होता, आणि तो माझ्या आठवणीत कधी चुकला नव्हता. यंदा गळती होऊन होऊन तयार नवखी एकच उरली होती, टॅमसिन. तिच्याशिवाय परिपाठ मोडणार.

“आठवड्यात तीनदा जास्तीचा सराव लागेल,” रुफस म्हणाला.

“बुधवारी येईन.”

“बुधवारच्या बुधवारी कसं जमेल?”

“नाही जमलं तर नाही जमलं.”

रुफस माझ्याकडे आला. “विनी, ही पोरगी आहे की भिंत?” मी म्हटलं, भिंत आहे, पण वाजवते चांगली. तिला चढावरून चालताना, ओठ हलवत, हातानं हवेत दोर ओढताना मी दोनदा पाहिलं होतं. लोक वळून बघत होते आणि हिचं लक्षच नव्हतं. सरावाचा वेळ तिनं अभ्यासातून काढला नाही, रस्त्यातून काढला.

सत्राच्या शेवटच्या बुधवारी आम्ही उभे राहिलो. तिची फेरपरीक्षा पुढच्या सोमवारी होती. ती पहिल्या, सगळ्यात हलक्या घंटेवर. मी सगळ्यात जड घंटेवर, शेवटी. रुफस पाचव्या घंटेवर आणि तोच सूत्रधार, म्हणजे कुणी कधी कुठे वळायचं याचे हुकूम त्यानं द्यायचे. मधे तीन जुनी पोरं.

सुंदर वाजत होतं. टॅमसिनचा चेहरा असा फुलला होता की मला माझी पहिली पाऊणतासी आठवली. अर्धा तास झाला असेल, तेवढ्यात दोन नंबर आणि चार नंबरची चुकून अदलाबदल झाली. दोघं एकमेकांच्या क्रमानं वाजवत राहिले. रुफसच्या ते लक्षातच आलं नाही. मेजवानीच्या तयारीत दोन रात्री जागलेला, डोळे तांबारलेले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं तेव्हा त्यानं मानेनं खुणावून दोघांना परत आपापल्या जागी आणलं. शेवट अगदी स्वच्छ झाला. “थांबा!” तो ओरडला, आणि सहाही घंटा एका ओळीत शांत झाल्या.

पोरांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी टॅमसिनला उचललं. मी मात्र रुफसकडे बघत उभी होते. मधला तेवढा भाग चुकीचा वाजला होता, आणि चुकीची पाऊणतासी धरत नाहीत. आमच्यात पंच नसतो, परीक्षक नसतो. खाली रस्त्यावरून जाणाऱ्याला सगळं सारखंच. म्हणून तर सूत्रधारानं स्वतः सांगायचं, आणि दुसऱ्यानं मधे तोंड घालायचं नाही, असा आमचा रिवाज. रुफस सांगेल म्हणून मी वाट बघत होते. तो पार्किनचा डबा उघडत होता.

टॅमसिनला तो रिवाज माहीत नव्हता.

“रुफस,” ती म्हणाली, “मधे दोन आणि चार बदलले होते ना? मी ज्याच्या मागून वाजवायला हवं होतं तो भलताच होता. ते चालतं का?”

टाळ्या थांबल्या. रुफस लालेलाल झाला. “तुझी पहिली आहे, टॅमसिन. जाऊ दे ना. कुणाला कळलंय?”

“मला कळलंय.”

तिचे डोळे भरले होते, ते मी पाहिलं. तिला ती पाऊणतासी हवी होती. पाण्यात गेलेल्या सगळ्या महिन्यांतून एवढी एकच गोष्ट तिनं स्वतःसाठी ठेवली होती, आणि ती तिच्या हातात येऊन पडली होती. नुसतं गप्प बसायचं होतं.

रुफसनं डबा खाली ठेवला. “बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “चूक माझी. नाही धरत ही.” मग एकदम उत्साहानं, “उद्या! उद्या संध्याकाळी परत करू. सगळे आहेत. विनी, किल्ली मिळेल ना?”

सगळी पोरं हो हो करू लागली. टॅमसिन कोट चढवत होती.

“उद्या नाही. सोमवारी माझी परीक्षा आहे.”

“अगं, परिपाठ मोडेल! इतक्या वर्षांचा!” रुफस माझ्याकडे वळला. “विनी, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल ती.”

ऐकलं असतं तिनं माझं. तेच अवघड होतं. त्या पोरीनं सगळ्यांना तोंड दिलं होतं, पण माझ्याकडे ती अशी बघत होती की मी ‘ये’ म्हटलं असतं तर ती आली असती, आणि अभ्यासाची एक संध्याकाळ माझ्या हातून गेली असती. परिपाठ मलाही प्यारा होता. त्यातली किती पोरं मी स्वतः शिकवली होती.

“साडेआठ वाजून गेले,” मी म्हटलं. “तू अजून इथे काय करतेस? चल, पळ.”

ती पळाली. परिपाठ मोडला. आम्ही पबमध्ये गेलो. रुफस अर्धा ग्लास टाकून लवकर उठला. दुसऱ्या दिवशी तो प्रबंधासाठी आपल्या प्राध्यापकांना भेटून आला, हे मला नंतर कळलं.

रविवारी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. परीक्षा दुसऱ्या दिवशी. पण प्रार्थनेच्या आधी जिन्यावर पावलं वाजली.

“अगं, तुला कुणी बोलावलं?”

“रविवार मी कबूल केला होता.” तिनं वाजवलं, आणि शेवटची घंटा थांबताच कोट उचलून गेली.

नाताळ गेला. ती न्यूलिनला होती. जानेवारीत एका दुपारी फोन आला. मागे समुद्रपक्ष्यांचा आणि बायकांच्या हसण्याचा गलका.

“विनी, पास झाले.”

“किती?”

“पास होण्यापुरते. जेमतेम.”

“आई काय म्हणाली?”

“आईला आज पहिल्यांदाच सांगितलं, आधी नापास झाले होते ते. ती म्हणाली, दोन्ही एकदम कशाला सांगतेस, आधी नीट रागावू तर दे.”

मी इतकी हसले की मांजर पळून गेली. मग म्हटलं, “रुफस विचारत होता. नव्या सत्राच्या पहिल्या बुधवारी पाऊणतासी घेऊ म्हणतो. सहाला सुरू करू, म्हणजे सातच्या आत संपेल. झाल्यावर तुझ्या नावानं पबमध्ये सगळ्यांना माझ्याकडून.”



“पाऊणतासीला येते,” टॅमसिन म्हणाली. “पण साडेआठला जाणार हं, विनी.”