सीतेच्या वेणीचा मालक

आमच्या नगरच्या आमरी, म्हणजे ऑर्किड, मंडळात झाडं फारशी जगली नाहीत. किस्से मात्र मातीपाण्याशिवाय फोफावले. सभासद चार: तात्या वकील, नाना कंपाउंडर, सायमन मास्तर आणि मी. पैकी अक्कल एकट्या सायमन मास्तरांना. बाकीच्यांनी आमरी प्रेमाने मारली.

तात्यांनी पहिलं रोप काळ्या मातीत पुरलं, वर शेणखत घातलं. ही झाडं मातीत नाही, फांदीवर वाढतात, असं मास्तरांनी सांगून पाहिलं. तात्या म्हणाले, "मातीत न उगवणारं झाड कायद्याला मान्य नाही." आठवड्यात रोप कुजलं. कायदा तेवढा शाबूत राहिला.

*

नानांनी दवाखान्यातलं टॉनिक ड्रॉपरने पाजलं. सकाळ-संध्याकाळ, तेही स्वतःचं जेवण झाल्यावर. बाराव्या दिवशी सगळी पानं गळली. आम्ही भेटायला गेलो तर चेहऱ्यावर समाधान. "पेशंट गेला, पण डोस एकही चुकला नाही!"

*

एकदा अकोले तालुक्यातल्या रानातून, मोडून पडलेल्या फांदीवरची रोपं पिशवीत घालून आणत होतो. फॉरेस्टच्या नाक्यावर गार्डने एसटी अडवली. त्याच्या रजिस्टरात रकाने दोनच, लाकूड आणि गवत. तात्यांनी तासभर युक्तिवाद केला. तोवर एसटी निघून गेली. शेवटी गार्ड कंटाळला, त्याने "भाजी" असं लिहिलं आणि विचारलं, "लागती कशी?"

आयुष्यभर साक्षीदारांना शपथेची आठवण देणारे तात्या म्हणाले, "बरी लागते."

*

सायमन मास्तरांची गोष्ट वेगळी. भाड्याच्या घराच्या अंगणात आंबा होता. त्यावर त्यांनी सीतेची वेणी ही आमरी सुतळीने बांधली आणि आठ वर्षं जोपासली. दर वर्षी गुलाबी तुरे लोंबायचे. मग मास्तरांची बदली कर्जतला झाली, आणि घरमालक गुलाबराव आडवे आले. "झाड माजं, फांदी माजी. मग फांदीला चिकटलेलं कुनाचं?"

मास्तरांचा चेहरा उतरला. मंडळाची तातडीची बैठक भरली. तात्यांनी चष्मा पुसून मत दिलं, की मुळं जमिनीत नाहीत म्हणून ही जंगम मालमत्ता. पण झाडाला घट्ट धरून आहे म्हणून स्थावर.

"म्हणजे कोणाची?" मास्तरांनी विचारलं.

"ते कोर्ट ठरवील. तोपर्यंत फुलू देऊ नका."

*

ते दुष्काळाचं वर्ष. प्यायला टँकर, आणि झाडांना नळाचं पाणी घातलं तर दंड. मास्तरांचं सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी पाण्याचा इन्स्पेक्टर अंगणात हजर झाला. हातात निनावी तक्रार. अक्षर असं वळणदार, की फळ्यावरून उतरवून घेतल्यासारखं!

आंब्यावरची वेणी पाण्याने निथळत होती. खाली हे एवढं डबकं.

"हे कोणाचं?" साहेबांनी दरडावून विचारलं.

महिनाभर गल्लीला मालकी ऐकवणारे गुलाबराव दोन पावलं मागे सरले. "मास्तरांचं! माजा काय संबंध न्हाई. माजा फकस्त आंबा. वरचं बांडगूळ त्यांचं. लिवून घ्या, सही देतो."

साहेबांनी पंचनामा लिहिला. गुलाबरावांनी ठसठशीत सही केली. पंच म्हणून आम्ही तिघांनीही केली.

मास्तरांनी मान खाली घालून दंड भरला. मग हात जोडून म्हणाले, "साहेब, पावतीवर माझ्या नावापुढे वेणीचं नाव तेवढं घाला."