न जळालेलं वर्तुळ

आज सकाळी सालेकसाच्या जंगलाकडून जळक्या पाल्याचा वास आला. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून इथे झाडाखालचा पाला आधी जाळतात. त्या वासाबरोबर बारा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

तेव्हा मी एका व्हिडिओ गेमसाठी परग्रहाचं चित्र काढत होतो. माझं ते पहिलंच काम होतं आणि अट एकच होती: पृथ्वीवरची कुठलीही जागा ओळखू येता कामा नये. मी जांभळं आकाश रंगवलं, खाली काचेचे सुळके उभे केले. प्रत्येक सुळक्याभोवती काळं वर्तुळ होतं आणि त्यावर फिकट पिवळे गोळे विखुरले होते. एकाच सुळक्याखालची जमीन तांबूस ठेवली, नजर तिथे थांबावी म्हणून.

काकू टोपली घेऊन आत आली. "काय काढून राहिला रे?"

"दुसरा ग्रह."

"तिथं बी मोहफुलंच वेचतेत का?" ती हसत संगणकाच्या पडद्याजवळ वाकली. तांबूस जागेवर तिने बोट ठेवलं.

"हा तं आपला मोह हाय. तुया बाप गेला त्या सालचा. आपल्या घरचं कोणीच गेलं नाही पाला जाळाले."

त्या साली मी पाच वर्षांचा होतो. ते झाड तसं पाहिल्याचंही मला आठवत नव्हतं.

अट मोडली होती, तरी संध्याकाळी चित्र तसंच पाठवलं. ते पसंत पडलं. गेमवाल्यांनी एवढंच विचारलं, ते एक वर्तुळ वेगळं का?

मी लिहिलं, "त्या वर्षी तिथे कोणी आलं नाही."