मातीचं पोट

मृदाशास्त्राच्या त्या त्रैमासिकात मुद्रितशोधन करणाऱ्या बाईंना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘बिनचूकबाई’. एकदा अंगात सणकून ताप असताना त्यांनी दवाखान्यातल्या ‘शांतता राखावि’ या पाटीवरची वेलांटी लाल पेनाने दुसरी करून दिली आणि मगच डॉक्टरांना जीभ दाखवली. घरी किराण्याची यादी नवऱ्याच्या हातात पडायच्या आधी दोनदा तपासली जाई. नवरा शाळेत कवायतीचा मास्तर. तो म्हणे, “शेंगदाण्यावरचा अनुस्वार राहिला तर दुकानदार काय खडे देणार आहे?”

त्रैमासिकाचं कार्यालय दोन खोल्यांचं. बाहेरची बाईंची, आतली संपादकसरांची. आलेला शोधनिबंध वहीत नोंदवायचा, लेखकाचं नाव झाकून दोन परीक्षकांकडे पाठवायचा, नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा आणि शेवटी शब्दन्‌शब्द वाचायचा, ही सगळी कामं बाईंची. सर माणूस सरळ, पण लोण्यासारखा. कोणी जरा ऊब दाखवली की पघळायचे.

त्या महिन्यात सर एक निबंध स्वतःच्या हाताने घेऊन आले.

“बाई, हा आपल्या नेहमीच्या रांगेतच लावायचा बरं का.”

नेहमीच्या रांगेतल्या निबंधाला संपादक स्वतः पोचवायला येत नाहीत, हे बाईंना कळत होतं. त्यांनी नाव बघितलं. सरांचे व्याही! एका कॉलेजचे प्राचार्य. दोन महिन्यांनी कुठल्याशा संस्थेचं संचालकपद भरायचं होतं आणि त्याआधी त्यांना एक ताजा निबंध हवा होता.

बाईंनी सगळं रीतसर केलं. सॉफ्टवेअर म्हणालं, साम्य फक्त चार टक्के. दोन्ही परीक्षकांनी पास केला. त्यातल्या एकाने तर ‘भाषा समृद्ध’ असा शेराही मारला. मग निबंध बाईंच्या लाल पेनाखाली आला.

भाषा समृद्ध म्हणजे अगदी सुजलेलीच होती. काळ्या मातीची ‘कृष्णवर्णी मृत्तिका’ झाली होती, निचऱ्याचं ‘जलनिर्गमन’. गांडुळाला ‘भूनाग’ केलं होतं. बिचाऱ्याला फणा तेवढा काढायचा राहिला होता. आणि चौथ्या पानावर वाक्य आलं: ‘अतिसिंचनाने मृत्तिकेचे उदर अस्वस्थ होते.’

बाई खो खो हसल्या. एकट्याच. मग सवयीने वाक्य सोप्या मराठीत म्हणून बघितलं. मृत्तिका म्हणजे माती. उदर म्हणजे पोट. जास्त पाण्याने मातीचे पोट बिघडते.

हसू जागच्या जागी थिजलं. हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं होतं.

मातीला पोट नसतं, पोत असतो. हे पोट जगात एकाच ठिकाणी छापलं गेलं होतं, याच त्रैमासिकात, अकरा वर्षांपूर्वी. एका शांत स्वभावाच्या प्राध्यापकांनी लिहिलं होतं, ‘मातीचा पोत बिघडतो.’ टायपिस्टच्या बोटाने ‘त’चा ‘ट’ केला, ‘मातीचा पोट बिघडतो’. पुढे बाईंनी तो मजकूर वाचला. मातीचा पोट? छे! पोट नपुंसकलिंगी. बाईंनी ऐटीत दुरुस्ती केली, ‘मातीचे पोट बिघडते’. व्याकरण कसं चोख झालं! माती काय म्हणतेय तेवढं बघायचं राहिलं.

अंक निघाल्यावर आठवड्यात प्राध्यापकांचं पत्र आलं होतं. ‘माझ्या लेखात मातीचे पोट बिघडले आहे. औषधाची गरज नाही, शुद्धिपत्र पुरे.’

चूक कळली की पुढच्याच अंकात शुद्धिपत्र, असा नियम भिंतीवर लावलेला होता, तोही बाईंच्याच अक्षरात. पण एवढी हसू येण्याजोगी चूक, आणि खाली आपलं नाव? बाईंनी पत्र आवकवहीत चढवलंच नाही. खणात तळाशी, जुन्या शिक्क्यांच्या खाली सरकवून दिलं. प्राध्यापकांनी भिडेपोटी पुन्हा विचारलं नाही.

प्राचार्यांनी तोच लेख शब्द बदलून उतरवला होता, चुकीसकट. आता ही चोरी पकडायची तर तो जुना अंक दाखवायला हवा, आणि अंक दाखवला की बाईंचं नाव गेलं. बाकीच्या निबंधात पुरावा म्हणून हाती लागेल असं काही नव्हतं. प्रत्येक शब्दाला दुसरा शब्द बसवलेला, तक्त्यातला प्रत्येक आकडा किंचित इकडेतिकडे केलेला.

सकाळी चहा पिताना बाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं.

“मग बस गप्प,” मास्तर बशीत फुंकर घालत म्हणाले. “दोन परीक्षकांनी पास केलाय. तू कोण लागून गेलीस?”

“अहो, चोर आहे तो!”

“आणि तू?”

“मी काय चोरलंय? मी फक्त पत्र ठेवून दिलंय.”

“ठेवून दिलंयस की लपवलंयस? शब्दांच्या बाबतीत तूच काटेकोर ना? मग नीट शब्द वापर.”

बाईंनी चहा तसाच सोडला. जाताना मास्तरांच्या डब्याचं झाकण मात्र इतक्या जोरात लावलं की दुपारी ते उघडायला दोन शिपाई लागले.

कार्यालयात गेल्या गेल्या त्यांनी जुना अंक आणि ते पिवळं पडलेलं पत्र सरांच्या टेबलावर ठेवलं. सरांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“बाई, तुम्ही?”

“हो. मीच.”

“अहो, पण व्याही आहेत ते. त्यांची लेक माझ्या घरात आहे. रोज सकाळी तिच्यासमोर कुठलं तोंड घेऊन बसू?” सर खिडकीपाशी गेले, परत आले, आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “असं करू या का? दोन्ही गोष्टी पोटात ठेवू. तुमची तुमच्या, माझी माझ्या.”

बाईंना तो क्षण भलताच गोड वाटला. अकरा वर्षं राहिली तशी आणखी अकरा राहील. मग त्यांना ते शांत प्राध्यापक दिसले. त्यांचं पत्र खणात आणि त्यांचं काम दुसऱ्याच्या नावावर. एकाच माणसाला दोघांनी लुटलं होतं, आणि त्यात पहिला नंबर आपला.

“नको सर. माझ्या पोटात आता जागा नाही. आधी माझं शुद्धिपत्र छापा. आणि व्याह्यांना बोलावून विचारा. त्यांनाही त्यांची बाजू सांगू दिली पाहिजे.”

व्याही आले ते अत्तराचा ढग घेऊनच. पोरीची खुशाली विचारून झाली. मग बाईंनी विचारलं, “प्राचार्यसाहेब, मातीचं उदर म्हणजे नक्की काय हो?”

“अरे वा! नेमकं मर्मावर बोट ठेवलंत.” ते खुर्चीत मागे रेलले. “ही माझी स्वतःची संकल्पना. मातीचा जो आतला थर, जिथे सेंद्रिय द्रव्याचं पचन होतं…”

“पचन?”

“पचन! पंधरा वर्षं झिजतोय मी या उदरासाठी.”

बाईंनी अंक त्यांच्यासमोर उघडून ठेवला. “माफ करा, पण ते पोट माझं आहे.”

प्राचार्यांनी दचकून बाईंच्या पोटाकडे बघितलं. संपादकसरांना खोकल्याची उबळ आली. बाईंनी ‘त’ची, ‘ट’ची आणि लिंगदुरुस्तीची सगळी कुळकथा ऐकवली, शेवटी प्राध्यापकांचं पत्र मोठ्याने वाचलं. वाचताना स्वतःचे कान लाल झाले, पण थांबल्या नाहीत.

“योगायोग असेल,” प्राचार्य म्हणाले. अत्तराचा वास एकदम घामट झाला. “बरं, असू दे. मी लेख परत घेतो. विषय संपला.”

“नाही, व्याहीबुवा,” सर बोलले, आणि आपल्याच आवाजाने जरा बिचकले. “चौकशी चालू असताना लेख असा काढून घेता येत नाही. तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल.”

“आणि घरी?”

“घरी मी सांगतो. कॉलेजला बाई लिहितील.”

बाईंनी पत्र त्याच दिवशी लिहिलं. पुढच्या अंकात शुद्धिपत्र आलं: ‘“मातीचे पोट बिघडते” याऐवजी “मातीचा पोत बिघडतो” असे वाचावे. ही चूक मुद्रितशोधकाची आहे. लेखकाने तेव्हाच कळवूनही ती अकरा वर्षे दडवून ठेवली, याबद्दल क्षमस्व.’ ‘राहून गेली’ असं सरांनी सुचवलं होतं. बाईंनी ते खोडून ‘दडवून ठेवली’ केलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.

अंक गेला आणि टपाल सुरू झालं. एक, दोन, पाच, चौदा पत्रं! ‘तुम्हाला कसं सांगायचं म्हणून इतकी वर्षं गप्प होतो, पण सहा वर्षांपूर्वीच्या अंकात…’ एकाने तर एका चुकीसाठी अख्खा तक्ताच करून पाठवला होता, पान आणि ओळीसकट. बाईंनी तो दोनदा तपासला. मग आवकवही ओढली आणि चौदाही पत्रं ओळीने चढवली.

अकरा चुका खऱ्या निघाल्या. त्या अकराही पुढच्या अंकात गेल्या. उरलेल्या तिघांना बाईंनी त्यांचंच कसं चुकतंय ते कोशातल्या पानांसकट कळवलं. त्यातल्या एका प्राध्यापकाने उलट टपाली माफी मागितली, त्या माफीत ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका होत्या. बाईंनी त्या कळवल्या नाहीत. म्हणजे, दोन दिवस कळवल्या नाहीत.