दाराकडं तोंड केलेला पाहुणा

विहीर बुजवा, असं ते कधीच म्हणाले नव्हते. ते मी म्हणालो आणि त्यांच्या नावावर खपवलं. हे आधीच कबूल करतो. त्यांच्याविषयी बोलायला लागलो की ही गोष्ट मी शेवटाकडे ढकलतो, आणि मग ती राहूनच जाते.

ते आमच्या कंपनीच्या वसाहतीत माळी होते. नवी वस्तू समोर आली की हातातलं खुरपं कमरेला खोचायचे, त्या वस्तूभोवती एक फेरी मारायचे आणि विचारायचे, "ह्याचं तोंड कुणीकडं?" गुलाबाच्या कलमाला तोंड असे, बाकाला असे, नळाला तर असेच. एकदा ऑफिसात लोखंडी कपाट आलं तेव्हाही त्यांनी दारातून हेच विचारलं. आमच्या टाइमकीपरने त्यांची फिरकी घेतली. "माळीबाबा, तुमचं तोंड कुणीकडं ते सांगा आधी." त्यांनी जराही न हसता उत्तर दिलं, "जिकडं काम आसंल तिकडं."

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. त्याच्या बोलण्याला आपण आधी हसतो आणि काही वर्षांनी तेच बोलणं आपल्या तोंडात येतं.

सत्तर सालाच्या आसपासची ही हकिकत. मी सव्वीस वर्षांचा होतो. रोज कासारवाडी स्टेशनावर उतरायचो आणि तिथं ठेवलेली सायकल काढून कंपनीत जायचो. बांधकाम खात्यात नकाशे काढायचं काम होतं. कंपनी ज्या जमिनीवर उभी राहिली, त्यातला एक तुकडा माळीबाबांच्या घरचा होता. जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी, या बोलीने ते माळी म्हणून लागले. म्हणजे आपल्याच शेतात ते आता कंपनीचे गुलाब लावत होते. त्याबद्दल कडू शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फक्त एखादी कुदळ दगडावर वाजली की सांगायचे, "तितं खडक लागतो. हात डावीकडं घ्या."

वसाहतीत मराठवाड्यातली, कोकणातली माणसं राहायची. त्यांची मुलं इथंच जन्मलेली, भोंग्यावर उठणारी. मोठ्या साहेबांच्या मनात आलं की या मुलांसाठी एक बाग करावी आणि त्या बागेत गाव दाखवावं. एका कोपऱ्यात लोहाराचा भाता, एकीकडे कुंभाराचं चाक, चावडी, बैलगाडी. बागेचं नावही 'आपलं गाव' असं ठरलं. मात्र मधोमध काहीतरी उंच हवं होतं, जे थेट रस्त्यावरून दिसेल. ते काय असावं, याचा नकाशा माझ्याकडे आला.

साहेबांच्या खोलीत एक परदेशी कॅलेंडर होतं. त्यावर पवनचक्की होती, पांढरी, चार पात्यांची, आजूबाजूला फुलांचे ताटवे. मी तशीच नकाशात काढून साहेबांकडे नेली. साहेब खुर्चीतून उठले आणि कागद खिडकीपाशी धरून पाहत राहिले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी नोकरीत शाबासकी मिळवलेली नव्हती. त्या दिवशी मी सायकल चालवत नव्हतो, तीच मला घेऊन चालली होती.

दुसऱ्या दिवशी माळीबाबांना नकाशा दाखवला. त्यांनी कागदाभोवतीच फेरी मारली.

"सायेब, हे कंच्या गावात आसतं?"

मी म्हणालो, परदेशातल्या. ते म्हणाले, मग बागेचं नाव तसं ठेवा. नंतर मला हाताला धरून जागेच्या मध्यावर घेऊन गेले. तिथं त्यांच्या वडिलांनी खोदलेली विहीर होती. काठावर मोटेची दगडी बांधणी शाबूत होती. बैल उतरायचे ती धाव गवतात बुडाली होती, आणि मोटेचं पाणी जिथं पडायचं ते थारोळं, एकाच दगडात कोरलेलं, पाण्याच्या माराने आतून गुळगुळीत झालेलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. विहिरीवर लोखंडी जाळी टाका, मोट टांगा, पोरांना धावेवरून उतरू द्या. गाव दाखवायचं तर गावाच्या मध्यावर पाणी असतं. "बैल न्हाई मिळालं तर मी वढून दाखवीन," असंही म्हणाले.

मला ते पटलं, आणि हेच मला आजवर छळत आलं आहे. तिथं उभ्या उभ्या मला कळलं होतं की त्या बागेला शोभणारी वस्तू तीच. मी त्यांना शब्द दिला, बागेसाठी नेमलेल्या समितीत मांडतो.

समितीच्या बैठकीत माझा नकाशा भिंतीवर लावला होता. कोपऱ्यात माझं नाव. साहेबांनी विचारलं, ती जुनी विहीर आहे, गावातल्या लोकांचं काही म्हणणं नाही ना? सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "नाही साहेब. ज्यांची होती ते आपले माळीबाबाच म्हणतात, बुजवून टाका, पोरांना धोका नको." इतकं सफाईदार खोटं मी त्याआधी बोललो नव्हतो. पोरांना धोका नको, हे तर माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं, ते आपसूक आलं.

बाहेर आलो, तर माळीबाबा दारापाशी थांबले होते. "मांडलं न्हवं?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, मांडलं, पण वरून हुकूम आहे. त्यांनी मान हलवली. हुकमाशी त्यांची जुनी ओळख होती.

विहीर बुजवायला आठवडा लागला. मोटेच्या बांधणीचे दगड फोडून पवनचक्कीच्या पायात घातले, कारण लांबून भरावाचा डबर-दगड आणण्यापेक्षा ते सोयीचं होतं. तो पायाही माझ्याच नकाशातला. थारोळ्यावर घण पडणार, तेवढ्यात माळीबाबा पुढे आले. हा दगड आख्खा घाला म्हणाले. चौघांनी तो उचलला, तेव्हा गवंड्याला बजावलं, "त्याचं तोंड वर ऱ्हाऊ दे." गवंडी हसला, पण त्याने तसं केलं.

उद्घाटनाला पवनचक्की फिरेना. आमच्याकडे वारा येतो तो मावळाकडून, पश्चिमेचा. फोटो चांगला यावा म्हणून मी तिचं तोंड फाटकाकडे, पूर्वेला केलं होतं. शेवटी मागून एकाने वेळूच्या काठीने पाती ढकलली आणि टाळ्या पडल्या. मग साहेबांनी माळीबाबांना पुढे बोलावलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की या गृहस्थांनी मुलांच्या काळजीपोटी स्वतःच्या वडिलांची विहीर स्वतःहून बुजवायला सांगितली.

माळीबाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी बुटांकडे पाहत होतो.

"व्हय सायेब," ते म्हणाले.

त्यानंतर आम्ही दहा-अकरा वर्षं एकाच आवारात काम केलं. त्यांनी हा विषय एकदाही काढला नाही. मी मात्र तो मनात रोज काढायचो आणि रोज परत ठेवून द्यायचो.

एकदा पुण्याच्या एक मुख्याध्यापिका मुलींची सहल घेऊन आल्या. सगळी बाग पाहून झाल्यावर त्यांनी मला नेमकं विचारलं, "गावाच्या मधोमध पवनचक्की कशी हो?" माळीबाबा वाफ्यातूनच बोलले, "बाई, गावात पाव्हणा येत न्हाई व्हय?" मुली हसल्या, बाई हसल्या, मी सुटलो. त्या गेल्यावर ते हळूच मला म्हणाले, "पर पाव्हणा दाराकडं तोंड करून बसलाय. असा पाव्हणा टिकत न्हाई. त्याला जायची घाई आसती."

पुढे मला वसाहतीतच घर मिळालं आणि माझी मुलगी त्या बागेत खेळू लागली. एका संध्याकाळी तिला न्यायला गेलो, तर पाच-सहा पोरं पवनचक्कीच्या भिंतीला कान लावून उभी. काय ऐकता म्हणून विचारलं. मुलगी म्हणाली, "खाली विहीर आहे बाबा. माळीबाबांनी सांगितलं." मोट कशी वर यायची, बैल मागे मागे कसे चढायचे, पाणी पडताना कसा आवाज व्हायचा, सगळं तिला पाठ होतं. वसाहतीतली मुलं त्या जागेला पवनचक्की म्हणतच नव्हती. "विहिरीपाशी भेटू" म्हणायची. हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

मी भीत भीत विचारलं, "मग विहीर बुजवली कुणी?"

"मी विचारलं होतं. ते म्हणाले, त्या वक्ताला आमी सगळ्यांनी मिळून."



ते निवृत्त झाले तेव्हा शाल-श्रीफळ द्यायला मलाच उभं केलं. त्यांच्या कष्टांबद्दल, प्रामाणिकपणाबद्दल मी बोललो. प्रामाणिकपणा हा शब्द माझ्या तोंडून दोनदा आला. ते पुनावळ्याला लेकीकडे राहायला गेले. सायकलवरून तासाभराचा रस्ता, पण दोन वर्षं मला सवड झाली नाही.

मग एका वळवाच्या पावसात पवनचक्कीची गंजलेली पाती निखळून पडली. जखमी कुणी झालं नाही. पुन्हा समिती बसली. नव्या साहेबांना मधोमध रॉकेट हवं होतं. कुणाचं काही म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं आणि मी उभा राहिलो. विहीर, थारोळं, माझं खोटं, सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा पुसला आणि पुढचा विषय घेतला. खाली बसताना मला कळलं, की मी चुकीच्या माणसांना सांगत होतो.

रविवारी पुनावळ्याला गेलो. ते ओसरीत बाजेवर होते. दृष्टी अधू झालेली, पण आवाजावरून ओळखलं. लेकीने चहा आणला. मी पाती पडल्याचं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, कुण्या पोराला लागलं का. नाही म्हटल्यावर म्हणाले, "गेला म्हना पाव्हणा." आणि खोकत हसले.

मी बाजेच्या कडेवर अंग चोरून बसलो होतो. सायकल दिसावी म्हणून दारातून रस्त्याकडे पाहतोय, असं मी स्वतःला समजावत होतो. त्यांनी हात पुढे केला, माझा खांदा चाचपला, मग पाठ चाचपली.

"सायेब, तुमचं तोंड कुणीकडं?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"दाराकडं करून नगा बसू. हिकडं फिरा."

मी वळलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणालो, "माळीबाबा, विहीर बुजवा असं तुम्ही कधीच म्हणाला नव्हता. तुमचं म्हणणं मी मांडलंच नाही. उलट तुमच्या नावावर खोटं बोललो, आणि तुम्ही सगळ्यांसमोर ते अंगावर घेतलंत. माझं चुकलं. मला माफ करा."