तेल घसरलं म्हणून वाटलेली बर्फी

नागपूर ते मेहसाणा गाडीनं कशाला, रेल्वेनं जा, असं सगळ्यांनी सांगितलं. पण बाबांनी तीस वर्षं पेट्रोलचा टँकर चालवलेला. दुसऱ्याच्या भरवशावर बसून जाणं त्यांना जमत नाही. माझी धाकटी बहीण करुणा तिकडे गुजरातेत कच्च्या तेलाच्या विहिरींवर इंजिनिअर आहे, आणि बाबांना तिची विहीर डोळ्यांनी बघायची होती.

पहाटे पाचला नागपुरातल्या आमच्या बेसाहून निघालो. बडनेऱ्याच्या पुढे चहाला थांबलो तर टपरीवरच्या टीव्हीवर बातमी सुरू: तेलवाल्या देशांनी उत्पादन वाढवलं, कच्चं तेल घसरलं. बाबांचा चेहरा खुलला. भाव वाढला की पंपावरची माणसं आधी टँकरवाल्यावर खेकसायची, ते त्यांनी उभा जन्म ऐकलेलं. त्यांनी करुणासाठी घेतलेल्या संत्रा बर्फीच्या दोन डब्यांपैकी एक तिथल्या तिथे फोडला, ट्रकवाल्यांना वाटला आणि तिला फोन लावला.

"जय भीम, बाई! तेल पडलं वं!"

तिनं आधी भाव किती झाला ते विचारलं. मग ती म्हणाली, "बाबा, असंच पडत राहिलं तर माही विहीर बंद होते. जुनी आहे. काढायचा खर्च भावाच्या वर गेला की कोण चालवते? परवा साहेबलोकं ठरवून राहिले."

बाबांनी फोन ठेवला आणि उरलेला डबा सीटखाली सरकवला.

मुक्काम धुळ्याला. स्टँडजवळ साध्या खोल्या मिळतात, आणि शेवभाजी जरूर खा. पण तिखट किती ते आधी विचारा. बाबांनी अर्धी भाकर टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टाकी नवापूर ओलांडल्यावर भरा. गुजरातेत पेट्रोल स्वस्त पडतं; तेल एकच, कर वेगळा. बाबा तिथं वैतागलेच. "भाव ठरवणारे किती आहेत गा! तिकडं नळ सोडणारे, इथं कर लावणारे. अन् जमिनीतून काढणारीले कोणी विचारत नाही."

मेहसाण्याभोवती एरंडाच्या शेतांत लोखंडी पंप माना हलवत उभे असतात. आत जायला आधी परवानगी काढावी लागते, मोबाईल गेटवर ठेवावा लागतो. वाटेत दुसरा मुक्काम करून आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी पोचलो आणि करुणानं आम्हाला तिच्या विहिरीवरच्या पंपापाशी नेलं. तो थांबलेला होता.

"बंद केली? आजच? काहून?" बाबांचा आवाज चढला.

तिथले जुने ऑपरेटर रमणभाई हसले. "बंद नहीं है काका, आराम कर रही है."

मग करुणानं समजावलं. या विहिरीत तेल हळूहळू झिरपतं. पंप आधी दिवसरात्र चालायचा, म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ रिकामाच आपटायचा. तिनं तीन महिने, उन्हातान्हात, विहीर भरायला किती वेळ लागतो ते मोजलं. आता चार तास भरू द्यायची, दोन तास काढायचं. तेल तेवढंच येतं, वीज कितीतरी कमी लागते, म्हणजे खर्चही कमी. ती बोलत होती तेवढ्यात पंपानं मान हलवली. बाबांनी टोपी काढून हातात धरली.

दुपारी साहेबलोकांची मीटिंग झाली. आम्ही गेटबाहेर लिंबाखाली बसलो होतो. करुणा बाहेर आली, हेल्मेट काखेत. "चालू राहते, बाबा."

मागून रमणभाई म्हणाले, "बेन ने बचा ली." बाबांनी दुसरा डबा फोडला. पहिली बर्फी त्यांनी तिच्या हातात दिली, आणि मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला.

परत येऊन आठवडा झाला. काल बेसाच्या चौकात पेपर वाचत शेजारचे वानखेडे म्हणाले, "काका, कच्चं तेल अजून पडलं म्हणते!"

मी बाबांकडे बघितलं. ते निवांत बशीत चहा ओतत होते.

"पडू दे गा," बाबा म्हणाले. "माह्या पोरीची विहीर आता स्वस्तातबी चालते."